नकाशातलं भोक

ठिपकीच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. नवऱ्याने ती आपल्या वर्कशॉपमधल्या लोखंडी शिकंज्यात धरली आणि दांडी फिरवली. फिरवताना शीळ घालत होता मेला. कारण विचाराल तर डब्याचं झाकण सैल लागलं होतं आणि जेवण पिशवीत सांडलं होतं. ती किंचाळली तेव्हा शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने आपलं शटर खाली ओढून घेतलं. हाडं मोडल्याचा आवाज ती कधीच विसरली, त्या शटरचा मात्र अजून कानात आहे.

नवरा टर्नर होता, यंत्रावर लोखंड कातणारा. लेथवर त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, आणि हे लोक तिलाच कौतुकाने सांगायचे. कामात केसभर चूक त्याला खपत नसे. बायकोला मारतानाही तसंच, मोजून मापून, कपड्याखाली झाकलं जाईल अशा बेताने. बोटं मोडली त्याच आठवड्यात ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि दुसऱ्या शहरात मावशीकडे येऊन राहिली. तो तिला शोधत आधी तिच्या भावाकडे गेला. भावाने पत्ता सांगितला नाही, म्हणून भावाचे पुढचे दात पाडून आला. जाताना निरोप ठेवला, सापडली की दोन्ही गुडघे फोडतो, म्हणजे पुन्हा पळायचा प्रश्नच नको. तो बोललेलं करणारा माणूस होता, एवढा गुण त्याच्यात होता.

ठिपकी हे तिचं घरातलं नाव, गालावरच्या तिळामुळे पडलेलं. मावशी एकटी, शिवणकाम करून राहणारी, तोंडाची फटकळ आणि मनाची भित्री. तिने भाचीला वरची खोली दिली आणि बजावलं, "खिडकीत उभं राहायचं नाही, दारात बसायचं नाही, कुणी नाव विचारलं तर खोकायला लागायचं." ठिपकी वर्षभर खोकत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "मावशी, अशाने मी खरंच आजारी पडेन."

शहराच्या टोकाला एक कम्युनिटी कॉलेज होतं. कामाधंद्याची माणसं तिथे येऊन नळजोडणी शिकत, केस कापायला शिकत, हिशेब ठेवायला शिकत. तिथे नकाशांचा नवा वर्ग निघाला होता. उपग्रहाने काढलेली चित्रं कॉम्प्युटरवर घ्यायची, हातात जीपीएसचं यंत्र घेऊन हिंडायचं, दिसेल त्या गोष्टीचा ठिपका टाकायचा आणि थरावर थर चढवायचे. खाली रस्ते, त्यावर गटारं, त्यावर दिव्याचे खांब. पास झालेल्यांना नगरपालिका मोजणीच्या कामावर घ्यायची. ठिपकीने नाव घातलं. स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर पाय शाबूत असतानाच राहायला हवं, असं ती मावशीला म्हणाली, आणि मावशीला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

शिकवणारे सर काटकुळे आणि तिरसट. पोरं त्यांना मागून अक्षांश म्हणत. त्यांचं एकच पालुपद, "वरून काढलेलं चित्र जुनं असतं. ते शिळं अन्न समजा. जागेवर जा, डोळ्यांनी बघा, मगच ठिपका टाका." पूर्वी एका पठ्ठ्याने मैदान दाखवलं होतं तिथे प्रत्यक्षात हॉस्पिटल उभं होतं, आणि पठ्ठ्याला ते तिथेच पाय मोडून दाखल झाल्यावर कळलं, ही गोष्ट सर दर महिन्याला सांगत. ठिपकीला मात्र सांगावं लागत नसे. वर्गात जागेवर जाण्यात तिच्याइतकं हट्टी कोणी नव्हतं. खांब दिसला की हात लावून बघणार, गटारावर झाकण आहे म्हटलं तर त्यावर उभी राहणार. कॉलेजची मोजणीची काठी सदा तिच्या खांद्यावर असे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, माणसापेक्षा उंच, खाली जमिनीत रोवायला लोखंडी टोक. तिच्या शेजारी बसणारे पोस्टमनकाका त्या काठीला भाला म्हणायचे. काका निवृत्त झाले होते. आयुष्यभर पत्ते शोधले, आता पत्ते बनतात कसे ते बघू, म्हणून आले होते.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकाने आपापल्या वस्तीचा नकाशा करायचा होता. ठिपकीने बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे आणि उघडी गटारं घेतली. भर उन्हात गल्ल्या पिंजून काढल्या. बाईमाणसाला अंधारात चालताना कुठे धोका आहे ते तिचा नकाशा एका नजरेत सांगत होता. सर पहिल्यांदाच कुणाला तरी "बरं झालंय" म्हणाले. म्हणजे त्यांनी तिला डोक्यावर घेतलं असंच समजा.

पण मेख पुढे होती. सगळे नकाशे कॉलेजच्या वेबसाइटवर लागणार होते, करणाऱ्याचं नाव आणि फोटो घालून. नगरपालिका तिथूनच माणसं निवडायची.

"सर, माझं नाव नको," ती म्हणाली.

"नाव नसलेला नकाशा म्हणजे निनावी पत्र. त्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि मग नोकरी कुणाला द्यायची, काठीला?"

खरं कारण सांगायला तिची जीभ रेटेना. नवरा मारतो हे वाक्य तिने ज्यांच्यापुढे उच्चारलं होतं, त्या प्रत्येकाने आधी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. पुन्हा ते नको होतं. नाव लागलं तर शहर कळेल, पण शहर मोठं आहे. घर कळता कामा नये, एवढं सांभाळलं की झालं. तिने मावशीच्या घराभोवती कॉम्प्युटरवर एक मोठा गोल आखला आणि त्या गोलात पडणारे सगळे ठिपके पुसून टाकले. आपल्या गल्लीचं नामोनिशाण ठेवलं नाही. दोन बटणांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनकाकांनी तो नकाशा बघितला आणि खो खो हसले. "अगं, सगळीकडे ठिपकेच ठिपके आणि मध्ये हे एवढं गोल भोक? या भोकाच्या बरोबर मध्ये तू राहतेस. मी डोळे मिटून तुझं टपाल टाकीन."

काका थट्टा करून चहाला निघून गेले. ठिपकी त्या गोलाकडे पुन्हा बघू लागली. गोलाचा मध्य काढणं हे तर तिच्या नवऱ्याचं रोजचं काम. गोल सळई घ्यायची, पट्टी धरून दोन रेघा मारायच्या, जिथे कापतील तिथे खुणेचा पंच ठोकायचा. झोपेतही काढील तो. तिने स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी पंच ठोकून ठेवला होता.

सगळे ठिपके परत आणावेत तर तेही नको. प्रत्येक ठिपक्याला फोटो जोडलेला, आणि तिच्या गल्लीतल्या अर्ध्या फोटोंत मावशीचं दार दिसत होतं. मग तिने गोल सरकवला. घर गोलाच्या कडेला आणलं आणि मध्य नेला नाल्याच्या पलीकडे. तिथे बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता. उपग्रहाच्या चित्रात छप्पर कोसळलेलं, अंगणात झुडपं माजलेली, माणसाची चाहूल नाही. त्याची मागची उंच भिंत मावशीच्या वरच्या खिडकीतून दिसायची, छप्पर तिच्याआड झाकलेलं. दार मात्र पलीकडच्या रस्त्याला, जिथे या गल्लीतलं कुणी जात नसे. म्हणजे तो आलाच तर तिथे जाईल, विटांवर लाथा मारील, आणि आपल्याला खिडकीतून कळेल की आला. मग मावशीला घेऊन निघून जायला वेळ मिळेल. तिला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं. किती वर्षांनी वाटलं म्हणून सांगू.

चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती. ती तिने वाचली. चित्र बरंच जुनं होतं.

जागेवर जायला हवं होतं. दर खांबाला हात लावणारी बाई, नाला ओलांडला की कारखाना. ती गेली नाही. तिथे कोण असणार, असं मनाशी म्हणाली. पण खरं बोलायचं तर आत कुठेतरी तिला ठाऊक होतं की गेले आणि कुणी दिसलं, तर दुसरी जागा शोधावी लागेल, आणि इतकी सोयीची दुसरी जागा नकाशात नव्हती. कॉम्प्युटरवर नको असलेला थर बंद करता येतो, तसा तिने हा विचार बंद केला.

नकाशा लागला. तिचा फोटो, तीळ स्पष्ट दिसणारा, आणि खाली नाव. ठिपकी रोज खिडकीच्या फटीतून भिंत बघायची. काही दिवस काही झालं नाही, तशी मावशीसुद्धा सैल पडली आणि शिवता शिवता गुणगुणायला लागली.

मग एका दुपारी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

ठिपकी खिडकीशी गेली. कारखान्याच्या भिंतीला एके ठिकाणी खिंडार होतं, त्यातून अंगणाचा तुकडा दिसायचा. त्यात एक पाठ दिसली. निळा शर्ट, डावा खांदा किंचित उतरलेला. ती पाठ तिने आंधळी झाली असती तरी ओळखली असती. हातात लांब पाना होता आणि तो अंगणातलं पत्र्याचं दार ठोकत होता.

आला, आणि चुकला. तिला हसू फुटलं. अक्षरशः फुटलं, तोंडावर हात दाबावा लागला. एवढा केसभर चूक न खपणारा माणूस, आणि मी त्याला पडक्या भिंतींशी डोकं आपटायला लावलं. "मावशी, ऊठ. पिशवी घे. तो आलाय, पण तिकडे," ती म्हणाली.

तेवढ्यात पत्र्याचं दार आतून उघडलं आणि एक बाई बाहेर आली.

जाडजूड बाई, डोक्याला फडकं, हातात तराजूची साखळी. तिच्यामागे रचून ठेवलेलं भंगार दिसत होतं, मोडकी यंत्रं, पत्रे, तारा. कारखान्यात भंगारवाली राहत होती. छप्परही नवं घातलं होतं तिने, नीट, दगड ठेवून. चित्रात ते कुठून दिसणार?

त्याने काहीतरी विचारलं. बाईने मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाना तिच्या हातावर घातला. तो हात ठिपकीला कोपराच्या खाली भलतीकडे वळलेला दिसला. मग किंकाळी आली, नाल्यावरून सरळ खिडकीत.

मावशीने खिडकीचं दार ओढून घेतलं.

"उघड," ठिपकी म्हणाली.

"ठिपके, आपल्याला काय करायचंय? पोलिसांना फोन करते मी. तू पिशवी घे आणि चल. तो तिकडे गुंतलाय तोवर निघू."

मावशी काही वाईट बाई नव्हती. शेजारच्या गाळ्यातला तो शटरवालाही बहुधा वाईट नसेल. बंद खिडकीतून किंकाळी बारीक झाली होती, पण येत होती. "कुठे लपवलीस तिला?" हे शब्द मात्र स्पष्ट आले. बाईचं उत्तर ठिपकीला माहीत होतं. तिला काही ठाऊकच नव्हतं, आणि तेच तो ऐकून घेणार नव्हता.

"फोन कर. आत्ता कर," ती म्हणाली आणि कोपऱ्यातली, कॉलेजला अजून परत न केलेली मोजणीची काठी उचलून जिना उतरली.

नाल्यावरून पाण्याचा जाड पाइप गेलेला होता. तो कुठे ओलांडता येतो, कुठे निसरडा आहे, हे शहरात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनेच त्यावर ठिपका टाकला होता. ती काठी आडवी धरून पळत पलीकडे गेली आणि खिंडारातून आत शिरली.

भंगारवाली जमिनीवर पडली होती. तोंडातून रक्त येत होतं, मोडका हात पोटाशी धरलेला. तो तिच्या अंगावर वाकून पाना वर उचलत होता, गुडघ्यावर नेम धरून, लेथवर काम लावताना धरायचा तसा, अगदी शांतपणे.

"मी इथे आहे," ठिपकी म्हणाली.

तो वळला. रागावलेला दिसला नाही. "गोल छान काढलास," तो म्हणाला. "मध्य बरोबर निघाला. मला वाटलंच होतं तू जवळपास असणार."

आणि तो तिच्याकडे चालत आला. तिला पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मोडलेली दोन बोटं काठीवर नीट मिटत नव्हती. त्याने पहिला घाव घातला तो तिने काठीवर झेलला. दांडा करकरला. दुसरा खांद्यावर बसला आणि तिचा डावा हात लुळा पडला. त्याने तिचे केस मुठीत धरले, डोकं मागे ओढलं आणि खाली बघितलं. तो तिचा गुडघा शोधत होता.

काठी रोवायची कशी हे अक्षांशने पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. सरळ धरायची, अंगाचं सगळं वजन वर द्यायचं, आणि हलेनाशी होईपर्यंत दाबायची. ठिपकीने उजव्या हाताने काठी वर पकडून उभी धरली, अंगाचं सगळं वजन तिला लटकवलं आणि लोखंडी टोक त्याच्या चपलेतल्या पावलातून जमिनीत रोवलं.

तो असा ओरडला की नाल्यावरचे कावळे उडाले. त्याच्या मुठीतून केस सुटले. त्याने पाना फिरवला, तो तिच्या कानावरून कपाळाला चाटून गेला आणि डोळ्यात रक्त उतरलं. तरी तिने काठी सोडली नाही. जागच्या जागी तो गोल फिरू पाहत होता आणि फिरता येत नव्हतं.

मग भंगारवाली उठली. एका हाताने तिने तराजूचं मोठं वजन उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर मागून घातलं. काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. तो खाली बसला, आणि पावलात काठी असल्यामुळे पाय विचित्र मुरगळला. पाना हातातून निसटला. ठिपकीने तो उचलला.

पुढचं सांगायला बरं नाही, पण झालं ते झालं. तिने पाना त्याच्या उजव्या हातावर घातला. पुन्हा घातला. तो सोन्याचा हात, केसभर चूक न करणारा, मातीत पसरलेला होता आणि ती बोटं ठेचत होती, एकेक करून, आणि तो "नको, नको" म्हणत होता. हा शब्द तिने आजवर स्वतःच्याच तोंडून ऐकला होता. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो इतका गोड लागेल असं तिला वाटलं नव्हतं. हात संपला तशी तिने पाना डोक्याच्या वर नेला.

"बस," भंगारवाली म्हणाली. "बस कर. मरेल तो."

ठिपकी थांबली. पाना हातातून सुटून पडला. तो माणूस कुशीवर कण्हत होता आणि आता कुठे जाण्याच्या अवस्थेत नव्हता. नाल्याच्या पलीकडून मावशीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी वाट सांगत होती, मोठमोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा दारात उभी राहून.

भंगारवाली पत्र्याच्या दाराला टेकून खाली बसली. रक्त थुंकली, त्यात दात होता. तो तिने बोटाने बाजूला सारला. ठिपकी तिच्याजवळ गेली आणि पदराने तिचं तोंड पुसू लागली.

"तुझा नवरा?"

"हो."

"तू मला ओळखतेस?"

"नाही."

"मग मीही तुला ओळखत नाही." भंगारवालीला श्वास घेताना दुखत होतं. "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. इथे आडबाजूला राहते ती त्यासाठीच. मीही एकाला सोडून आलेय. कुणाला पत्ता दिलेला नाही. मग या मुडद्याला माझंच दार कसं सापडलं?"

खोटं बोलायला जागा होती. वाट चुकला म्हणता आलं असतं. दारं ठोकत निघाला असेल, तुझं पहिलं लागलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते पटलंही असतं. पोलिसांनाही पटलं असतं. नोकरी मिळाली असती, नाव तसंच राहिलं असतं. ठिपकीने त्या बाईच्या छपराकडे बघितलं. पत्रे नवे होते, त्यांवर दगड नीट ओळीने ठेवलेले होते. दाराला आतून तीन कड्या होत्या. मावशीच्या दाराला होत्या तशाच.

"मी दाखवलं," ती म्हणाली. "मी नकाशात माझं घर लपवलं आणि खूण तुझ्या घरावर आणून ठेवली. इथे कुणी राहत नाही असं धरून चालले. येऊन बघायला हवं होतं. दोन मिनिटांची वाट होती. बघितलं नाही."

भंगारवालीने धड असलेला हात उचलला आणि ठिपकीच्या तोंडात मारली. तीळ होता त्याच गालावर, सणसणीत.

ठिपकीने आयुष्यात खूप मार खाल्ला होता आणि त्यातला एकही कशासाठी होता ते तिला कधी कळलं नव्हतं. हा कळला. तिने गाल चोळला नाही, मानही वळवली नाही. तशीच गुडघ्यावर बसून राहिली, अजून मारायचं असेल तर मार म्हणून.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. माणसं उतरून पलीकडच्या दाराकडे धावली.

"बसलीस काय अशी?" भंगारवाली म्हणाली. "उठव मला. धरून नीट उठव, हात मोडलाय."